उजव्या गुडघ्याची साक्ष

“झाकन काड.”

“आताच नाय निघाचा. वाफ तोंडावर येल.”

“येऊं दे. काड सांगतंय ना.”

बाई जागची हलली नाही. ओढ्याच्या काठी तीन दगडांच्या चुलीवर लोखंडी डेग चढवलेली होती. लाकडी झाकणाच्या कडेने उडदाचं पीठ लिंपलेलं, आणि झाकणातून निघालेली, सुंभ गुंडाळलेली बांबूची नळी उतरत उतरत ओढ्याच्या पाण्यात बसवलेल्या तांब्याच्या हंड्यात गेलेली. गोमाजीने उमेदीची सगळी वर्षं ज्या वस्तूपायी डोंगर पालथे घातले, ती वस्तू हुबेहूब अशीच दिसे. फरक एवढाच, की ती नेहमी करवंदीच्या जाळीत, पाल्याखाली दडवलेली असे. ही मात्र उघड्यावर, भर दुपारी धूर काढत बसली होती. आणि नेमका त्यामुळेच गोमाजीला जास्त संशय आला. एवढं उघड करणारं माणूस काहीतरी झाकायलाच करतं, असा त्याचा अनुभव होता.

गोमाजी दारूच्या मक्तेदाराचा शिपाई होता. अबकारीचा नवा कायदा आला आणि घरात मोहाची फुलं गाळणं गुन्हा ठरलं. ज्याला प्यायची असेल त्याने मक्तेदाराच्या दुकानात जावं. जो चोरून गाळेल त्याला शोधायचं, भट्टी फोडायची आणि माणूस ठाण्याच्या कचेरीत उभा करायचा, हे गोमाजीचं काम. बाळकुमपासून येऊरच्या डोंगरापर्यंतचा मुलूख त्याच्याकडे. त्याच्या नाकाची ख्याती होती. वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभा राहून तो सांगे, की फुलं भिजत घातलीत, का आंबलीत, का गाळायला लागलीत. मामलेदारसुद्धा त्याला विचारत, “गोमाजी, वास कसला होता?” आणि तो सांगेल ते लिहून घेतलं जाई.

त्याने काठीच्या टोकाने पीठ उकरलं. फट पडली आणि वाफ फुसकन बाहेर आली. गोमाजीने नाक पुढे केलं, आणि तो जरा गोंधळला. गुलाबाचा म्हणावा तर गुलाबाचा नव्हे, आल्याचा म्हणावा तर आल्याचाही नव्हे, असा एक गोड-तिखट वास डोक्यात शिरला.

“काय घातलास आत?”

“गवत.” बाईने शेजारच्या भाऱ्याकडे बोट दाखवलं. लालसर तुऱ्यांचं उंच गवत होतं. “रोशा गवत. तुऱ्यावर आला का कापाचा आन गालाचा. तेल निघतो. कल्यानचा यापारी नेतो, म्हंबईला पाठवतो.”

“तेल? गवताचा?”

“माजा घरवाला खानदेशान या भट्ट्यांवर होता. तो शिकून आलता. तापान गेला. आता मी करतंय.”

बाईचं नाव सगुणा. माहेर खाडीकाठचं, सासर माजिवड्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. घरात ती एकटीच. गोमाजीने झोपडीत डोकावून पाहिलं, गवताचे भारे काठीने खुपसून पाहिले, हंड्यातल्या पाण्यावर तरंगणारा पिवळसर तवंग बोटाने चाखला आणि थुंकून टाकला. काही सापडलं नाही. दिवसा गवत आणि काळोख पडला की मोह, असं मनाशी म्हणत तो जायला वळला.

“तुमी त्या उतारावरशी आडवं उतरलांव,” सगुणा मागून म्हणाली. “गुडघं धरल्यान ना?”

गोमाजी गर्रकन फिरला. “कोनी सांगला तुला?”

“कोन कशाला सांगल? दिसला. या तेलाचे थेंब तिलाच्या कोमट तेलान घालाचे नि चोलाचे. सांदं मोकलं व्हतान.”

तिने एक छोटी बाटली पुढे केली. गोमाजीच्या अंगाचा तिळपापड झाला. ही लाच आहे हे तर त्याला दिसतच होतं. पण त्याहून वाईट म्हणजे, जे त्याने दोन पावसाळे सगळ्यांपासून लपवलं ते या बाईने घटकाभरात ओळखलं होतं. सकाळी उठल्यावर त्याचे गुडघे लाकडासारखे असत. भिंतीला धरून उभं राहायचं, ओटीवर चार फेऱ्या मारायच्या, मग कुठे ते वळायला लागत. चढ कसाबसा जमे, उतार जीव काढी. बसून उठताना आत खड्यांवर खडे घासल्यासारखा आवाज येई. म्हणून तो मक्तेदाराच्या नाक्यावर, चौकीत, कधी बसतच नसे. लोक म्हणत, गोमाजी कामाला किती तत्पर, सदा उभा. चालता न येणाऱ्या शिपायाला मक्तेदार ठेवत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

“यो मुद्देमाल म्हनून नेतंय,” तो म्हणाला आणि बाटली कमरेला खोचून निघाला. सगुणा पाहत असेल या धास्तीने तो चढ सरळ पावलांनी चढला. नजरेआड झाल्यावर एका उंबराला टेकून बराच वेळ उभा राहिला.

बाटली नाक्यावर गेली नाही. ती घरी आली आणि तुळसाच्या हाताला लागली. तुळसा त्याची बायको. नवऱ्याचे गुडघे तिला माहीत होते, कारण रोज सकाळी त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवणारी तीच. तिने बाटलीचं बूच काढलं.

“यो अत्तर कुनी दिला?”

“अत्तर नाय. मुद्देमाल हाय.”

“बाईचा वास येतो याला.”

“बाईच गालते. माजिवड्याची. गुडघ्याला लावतान म्हने.” आणि घाईने तो पुढे म्हणाला, “मी नाय लावाचो. कुनास ठावं काय मिसलला असल. कातडी सोलून निघाली म्हंजे?”

तुळसाने नवऱ्याकडे एकदा पाहिलं, बाटलीकडे एकदा पाहिलं, आणि तिळाचं तेल पळीत घेऊन चुलीवर धरलं. “एका पायाला लावून बघू. सोलला तर एकच सोलंल.”

ही गोष्ट गोमाजीला पटली. तिने उजव्या गुडघ्याला तेल चोळलं. आधी गार वाटलं, मग आतून ऊब चढत गेली. सकाळी तो उठला तेव्हा उजवा पाय जरा लवकर वळला. डावा होता तसाच. गोमाजीने लगेच ठरवलं, की काल कमी चालणं झालं म्हणून असं झालं. त्या दिवशी तो मुद्दाम जास्त चालला. दुसऱ्या सकाळीही तेच. मग त्याला वाटलं, कोमट तेलाने कुणालाही बरं वाटेल, त्यात गवताचं काय. त्याने तुळसाला नुसतं तिळाचं तेल लावायला सांगितलं. त्याने थोडा आराम पडला, पण तेवढा नाही.

“आता तरी दोनी पायांना लावू?” तुळसाने विचारलं.

“डावा राहूं दे.”

“त्या पायान तुमचा काय वाकडा केलाय?”

“एक साक्षीला पायजे,” गोमाजी म्हणाला.

तो खरोखर साक्षच गोळा करत होता. दुखणं जात नव्हतं, हे त्याच्या ध्यानात आलं. आतला खडखडाट तसाच होता आणि दुपारनंतर उजवा गुडघाही कुरकुरे. पण सकाळचा ताठा सैल होई, आणि उतारावर पाय टाकताना डोळ्यांपुढे काजवे चमकत नसत. एवढंच, पण त्याच्यासारख्याला ते फार होतं. आणि फार होतं म्हणूनच त्याला त्या बाईचा आणखी संशय आला. फुकट एवढं कोण देतं?

तो येऊरच्या वाटेवरच्या एका कातळाआड जाऊन बसू लागला. तिथून सगुणाची झोपडी आणि ओढा दोन्ही दिसत. त्याने पाहिलं, की सगुणा पहाटे गवत कापायला जाते. भारे वाहते, डेग भरते, पीठ मळून लिंपते, आणि दिवसभर जाळ सांभाळत बसते. जाळ वाढला की तेल जळतं, कमी झाला की निघत नाही, म्हणून तिला चुलीपुढून उठता येत नसे. कधीमधी ती स्वतःच्या बोटांच्या पेरांना तेल चोळी. तिची बोटं वाकडी झाली होती, हे त्याला एवढ्या लांबूनही कळलं. मोहाची फुलं एकदाही दिसली नाहीत. तरी तो जात राहिला. उद्या घालील, असं रोज त्याला वाटे.

एकदा ती ओढ्यातून ओरडली, “वर बसून काय दिसतो? खाली येऊन बसा. सावली हाय.”

गोमाजी उठून निघून गेला. दुसऱ्या दिवशी कातळ बदलला.

या साऱ्यात एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही, ती नाक्यावरच्या इतरांच्या लक्षात आली. रोशाचा वास चिवट असतो. धुतला तरी धोतराला राहतो, हाताला राहतो. गोमाजी आला की तो यायच्या आधी वास येई. शिपाई एकमेकांना कोपराने ढोसत. आणि कोलशेतच्या बाजूला दगडू नावाच्या माणसाच्या गोठ्यात चांगली मोठी भट्टी चालू असताना गोमाजी तिच्यावरून सरळ चालत गेला. दुसऱ्या शिपायाने ती पकडली. गोमाजीला वास आलाच नव्हता. त्याच्या नाकात रोशा भरला होता.

नाक्याचे कारकून भाऊ दातार. माणूस हुशार, बोलणं सावकाश, आणि नजर समोरच्याच्या हातांवर. त्यांनी गोमाजीला आत बोलावलं.

“ये, बस.”

“उभा ठीक हाय, भाऊसाहेब.”

“किती दिवसांत केस आणली नाहीस, गोमाजी. दगडूची भट्टी तुझ्या नाकासमोर होती. तुझं नाक गेलं असं मी म्हणू, की दुसरं काही म्हणू?”

गोमाजीने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“माजिवड्याच्या वर एक बाई आहे. तिच्याकडे डेग आहे, नळी आहे, हंडा आहे. तू तिकडे रोज जातोस. लोकांनी पाहिलंय. पण तिच्याबद्दल तू मला एक शब्द सांगितला नाहीस. आणि तुझ्या अंगाला तिच्या भट्टीचा वास येतो.” भाऊंनी आवाज जराही चढवला नाही. “मी तुझ्या जागी असतो आणि तू माझ्या, तर तू काय समजला असतास?”

गोमाजीला उत्तर माहीत होतं. तो हेच समजला असता.

“ती गवताचा तेल काडते, भाऊसाहेब. मी बघितलाय.”

“ते मामलेदार ठरवतील. उद्या धाड घालू. तू बरोबर चल.”

धाडीला भाऊ स्वतः आले. सगुणा चुलीपुढे बसली होती. तिने आधी भाऊंकडे पाहिलं, मग मागे उभ्या असलेल्या गोमाजीकडे, आणि मग परत जाळाकडे. “म्हंजे एवढं दिस यासाटी बसलावतांव,” एवढंच ती म्हणाली.  गोमाजी खरंच त्यासाठीच बसला होता.

एका शिपायाने कुऱ्हाडीचा तुंबा घालून डेगीचं बूड फोडलं. आतलं उकळतं पाणी आणि शिजलेलं गवत चुलीवर ओतलं गेलं, आणि सगळा ओढा त्या गोड-तिखट वासाने भरून गेला. झोपडीत एका गाडग्यात ओंजळभर वाळलेली मोहाची फुलं सापडली.

“ही कशाला?” भाऊंनी विचारलं.

“खावाला. भाकरीन घालतंय. सगली घालतान.”

ते खरं होतं. डोंगराच्या पायथ्याला सगळेच घालत. भाऊंनी गाडगं उचलायला सांगितलं.

कचेरीत मामलेदारांपुढे डेग ठेवली, गाडगं ठेवलं, तेलाच्या बाटल्या ठेवल्या. सगुणा एका बाजूला उभी होती. भाऊंनी मांडलं, की भांडी दारूची आहेत, फुलं दारूची आहेत, आणि तेल हा नुसता देखावा आहे. मग मामलेदारांनी चष्मा सारखा केला आणि नेहमीप्रमाणे विचारलं, “गोमाजी, वास कसला होता?”

ठाण्याला निघायच्या आधी भाऊंनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “आंबल्याचा वास आला म्हण. संपलं. तुझ्यावरचं बालंट गेलं, तुझी नोकरी राहिली.” त्यात धमकी नव्हती, भाऊंना खरंच वाटत होतं, की बाई दोन्ही गाळते आणि गोमाजी तिला झाकतो.

गोमाजीने पट्ट्यावरच्या पितळी बिल्ल्याला हात लावला. तो बिल्ला पाहून त्याच्या गावात, बाळकुमात, ओट्यावरची बोलणी थांबत; त्याच बिल्ल्यापायी चुलतभावाने त्याला पोरीच्या लग्नाला बोलावलं नव्हतं. पण त्या बिल्ल्याच्याच जिवावर त्याचं घर चाललं होतं.

“रोशाच्या तेलाचा वास होता,” तो म्हणाला. “दारूचा नाय.”

“खात्रीने सांगतोस?”

“मी दिसचे दिस पालत ठेवली. मना फुला गालताना दिसली नाय.”

भाऊ पुढे आले. “महाराज, या माणसाच्या अंगाला हाच वास महिनाभर येतोय. बाईने त्याला तेल देऊन बांधून ठेवलंय. याच्या साक्षीला अर्थ नाही.”

मामलेदारांनी गोमाजीकडे पाहिलं. “तेल घेतलंस?”

“घेतला. एक बाटली.”

कचेरीत कुजबुज झाली.

“कशासाठी?”

गोमाजीने समोरच्या बाटल्यांकडे पाहिलं. त्याने सगुणाकडे पाहिलं नाही, भाऊंकडेही नाही.

“माजं गुडघं गेल्यान, म्हाराज. दोन पावसालं झालं. सकाली बायको उठवते तवा उठतंय. उजव्याला यो तेल लावला, डाव्याला नाय लावला. लाच घेतली असती तर दोनीला लावला असता. मना बघाचा होता बाई खरी का खोटी. तेल खरा हाय. दारूच्या भांड्यान असला तेल निघाचा नाय, दोनी वास एकमेकान शिरतान.”

“बसून दाखव,” मामलेदार म्हणाले.

इतक्या वर्षांत गोमाजी कचेरीत कधी बसला नव्हता. त्याने काठी भिंतीला टेकवली आणि उकिडवा बसायला लागला. डावा गुडघा अर्ध्यावर अडला. आतला आवाज लांब बसलेल्या पट्टेवाल्यालाही ऐकू गेला. तो तसाच एका कुशीवर कलंडत जमिनीला टेकला. “आता ऊठ,” म्हटल्यावर त्याने उजव्या पायावर भार दिला, डावा ओढत मागे घेतला, आणि दोन्ही हात जमिनीला लावून, जनावरासारखा, हळूहळू उभा राहिला. कपाळावर घाम आला होता. कुणी हसलं नाही. भाऊ दातार खिडकीबाहेर बघत होते.

मामलेदारांनी एका बाटलीचं बूच काढून वास घेतला, गाडग्यातली फुलं बोटांनी चाळवली, आणि दारू गाळल्याचा पुरावा नाही असं लिहून सगुणाला सोडून दिलं. डेग तिची तिला परत मिळाली, फुटलेली.

बाहेरच्या पडवीत भाऊ गोमाजीजवळ आले. “तू मला आधी का नाही सांगितलंस?” त्यांनी विचारलं.

“सांगितला असता तर ठेवला असतांव?”

 “पट्टा देऊन जा,” भाऊ खाली पाहत म्हणाले. गोमाजीने बक्कल सोडलं. पट्ट्याखाली अंगरख्याचा रंग उडाला नव्हता. तिरपी, गडद पट्टी छातीवर तेवढी राहिली.

तो ठाण्याच्या बाजारातून निघाला. आता लपवायचं काही नव्हतं, म्हणून तो जसा चालता येईल तसा, लंगडत, काठीवर सगळा भार टाकून चालला. दुकानदार बघत होते. तलावापाशी पोचला तेव्हा त्याला दिसलं, की पुढे सगुणा चाललीय. डोक्यावर फुटकी डेग होती. माजिवड्यापर्यंत दोघांची वाट एकच होती.

तिने एकदा मागे वळून पाहिलं. थांबली नाही, पण लांबही गेली नाही. गोमाजी हळू झाला की ती हळू होई. असं बरंच अंतर गेलं. मग एका आंब्याखाली तिने डेग उतरवली आणि ती उभी राहिली. गोमाजी जवळ येऊन झाडाच्या मुळावर टेकला. 

“नवी डेग कवा घेशील?” त्याने विचारलं.

“लोवार ठिगल मारल. तवर औंदाचा गवत मातर गेला. तुरा गलाला का तेल नाय.” ती आपल्या वाकड्या बोटांकडे बघत म्हणाली. “तुमची भाकर गेली.”

“गेली.”

“कशाला सांगितलांव गुडघ्याचा?”

गोमाजीला ते स्वतःलाही नीट सांगता येत नव्हतं. “जे बघितला ते सांगितला,” तो म्हणाला.

सगुणाने वाटेच्या दोन्ही अंगांना नजर टाकली. लांबवर एक बैलगाडी येत होती, तेवढीच.

“घरवाला गेला त्या साली गालली होती,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “याच डेगीन. एकदाच. तेल गालाचा मना येत नवता तवा. तेल शिकले, मंग नाय गालली.”

गोमाजीने मान वर केली. आयुष्यभर ज्याच्या मागे फिरला, ते वाक्य आपणहून त्याच्याकडे चालत आलं होतं. त्याने छातीवरच्या त्या गडद पट्टीवरून हात फिरवला. 

“ऊन चढला,” शेवटी तो म्हणाला. “चल.”

उठायला त्याला वेळ लागला. सगुणाने हात पुढे केला नाही, आणि ती पुढेही गेली नाही. तो उभा राहून डावा पाय मोकळा करीपर्यंत ती डेग डोक्यावर घेऊन रस्त्याकडे तोंड करून थांबली. मग दोघंही माजिवड्याच्या दिशेने चालू लागली.